बावन्न हजार वाचवल्याची गोष्ट

रंगनाथराव : तो कप फाइलवरून उचला आधी. तेहेतीस वर्षं बँकेत काढली मी. कागदांवर चहा ठेवणाऱ्याला एकदाही कर्ज मंजूर केलं नाही.

नम्रता : सॉरी काका. मला वाटलं, फाइल बंद आहे.

रंगनाथराव : फाइल बंद असते, चहा उघडा असतो. हं, सांगा आता. तुम्ही बी विंगमधल्या डाखोऱ्यांकडच्या ना? दुसरा मजला, भाड्याने.

नम्रता : हो. मी नम्रता. काका, आमच्या होम लोनला बँकेने नाही म्हटलं. योगेश म्हणतो, त्याची कंपनी त्यांच्या यादीत बसत नाही. मला एवढंच विचारायचंय, दुसरी कुठली बँक आहे का, जिच्या यादीत बसेल? कर्वेनगरात कर्जाचं काही अडलं की सगळे तुमचंच नाव सांगतात.

रंगनाथराव : नाव सांगतात, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र वेळेवर देत नाहीत. यजमान नाही आले?

नम्रता : तो हडपसरला, ऑफिसात. मी आलेय ते त्याला माहीत नाही.

रंगनाथराव : असं.

नम्रता : धायरीला वन बीएचके बघितलाय आम्ही. चोवीस लाखांचा. रावसाहेब म्हणून आहेत, त्यांच्याच शेतावर त्यांनी बिल्डिंग बांधलीय. दीड लाख विसार देऊन ठेवलाय. दहा तारखेपर्यंत बँकेचं पत्र आणा म्हणालेत, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला देणार. आज चार तारीख.

रंगनाथराव : विसाराची पावती आणलीत?

नम्रता : ही घ्या.

रंगनाथराव : "विसाराची रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही." खाली तुमच्या दोघांच्या सह्या. वाचून केल्या होत्या?

नम्रता : वाचून केल्या. पण कर्ज मिळणारच होतं ना. आमच्या डोक्यावर एक रुपया देणं नाही काका. गाडीचे हप्ते मागच्या वर्षी संपले. किराणासुद्धा रोख आणते मी. योगेशचं एक जुनं क्रेडिट कार्ड होतं, पण ते मिटवून तीन वर्षं झाली. त्याचं पत्रही आहे. थांबा, दाखवते.

रंगनाथराव : हे लॅमिनेट कोणी केलं?

नम्रता : मी. तीस सांगत होता, वीसमध्ये करून घेतलं.

रंगनाथराव : छान. आता यावर कोणाला सही करायची म्हटली तरी करता येणार नाही.

नम्रता : सही कशाला? मिटलंय ते.

रंगनाथराव : कसं मिटलं, ते सांगा बघू.

नम्रता : दोन हजार नऊ साली मंदीत योगेशची नोकरी गेली. आमच्या लग्नाला तीन आठवडे राहिले होते. पत्रिका वाटून झालेल्या. मग बँड, जेवण, माझा शालू, सगळं त्या कार्डावर गेलं. पुढे आठ महिने नोकरी नव्हती. भाड्यालासुद्धा कार्डावरच पैसे काढायचो. करता करता ब्याण्णव हजार झाले.

रंगनाथराव : मग वसुलीवाले आले.

नम्रता : रोज यायचे. योगेश आतल्या खोलीत जाऊन बसायचा आणि दार मी उघडायचे. एकदा म्हटलं, या, बसा, चहा घ्या आणि खरं किती घेणार ते बोला. तीन संध्याकाळी चाललं आमचं. तो सत्तरवर आला, मग साठवर. मी म्हटलं, चाळीस हजार, उद्याच्या उद्या डीडी देते, नाहीतर या पुन्हा उद्या चहाला. शेवटी त्याने साहेबाला फोन लावला आणि चाळीसला मिटलं. बावन्न हजार वाचवले.

रंगनाथराव : तुम्ही?

नम्रता : मी. माझ्या सासूबाई अजून सांगत असतात सगळ्यांना. पुलगावला कुणाकडे बारसं असो, वास्तुशांत असो, ही गोष्ट झाल्याशिवाय पंगत उठत नाही. आमच्या पुण्याच्या सुनेने चहावर बावन्न हजार कमी करून घेतले.

रंगनाथराव : माझा चष्मा कुठे गेला?

नम्रता : डोळ्यांवर आहे काका.

रंगनाथराव : हो. आहे खरा. पाणी देऊ का तुम्हाला?

नम्रता : नको. काय झालं?

रंगनाथराव : हे बघा, तुमच्या फाइलमध्ये मागे सिबिलचा, म्हणजे जुन्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट आहे. यजमानांनी काढलेला दिसतो. ही शेवटची ओळ वाचा.

नम्रता : "सेटल्ड." बरोबर आहे. सेटल झालं ना ते.

रंगनाथराव : पूर्ण पैसे भरले असते तर तिथे "क्लोज्ड" लिहिलं असतं. तुमच्या दृष्टीने बावन्न हजार वाचले. बँकेच्या दृष्टीने बावन्न हजार बुडाले. पुढची बँक हे वाचते आणि म्हणते, या माणसाने एकदा बुडवलंय, याला एकोणीस लाख कोण देईल?

नम्रता : पण त्यांनीच मान्य केलं ना? त्यांच्याच लेटरहेडवर आहे. "फुल अँड फायनल."

रंगनाथराव : वसुलीच्या माणसाला त्या महिन्याचा आकडा दाखवायचा असतो. त्याला चाळीस मिळाले, तो खूश. पुढे तुमच्या नावापुढे काय लागणार, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. आणि तुम्ही विचारलं नाहीत.

नम्रता : मी काय विचारणार होते? मला काय माहीत असं काही असतं ते?

रंगनाथराव : कोणालाच माहीत नसतं. तीन वर्षांपूर्वी तर नव्हतंच. महिन्यात दोघंतिघं येतात माझ्याकडे असं पत्र घेऊन. लॅमिनेट केलेलं मात्र हे पहिलंच.

नम्रता : मग उरलेले बावन्न भरते मी. व्याजासकट भरते. ते पुसतील ना?

रंगनाथराव : ज्यांचं देणं आहे त्यांना भरायचे, त्यांनी पत्र द्यायचं, ते पत्र तिथे पोचायचं आणि मग रिपोर्ट बदलायचा. सगळे सरळ वागले तर तीन-चार महिने. आणि तुमच्या बाबतीत घ्यायला कोणी आहे का, हाच प्रश्न आहे. बँकेने अशी जुनी कार्डं गठ्ठ्याने एका कंपनीला विकली आणि त्या कंपनीने गाशा गुंडाळला.

नम्रता : हे तुम्हाला कसं माहीत?

रंगनाथराव : अंदाज.

नम्रता : काका, रिपोर्टवर तर हे कुठे लिहिलेलं नाही.

रंगनाथराव : बाई, मी शब्द दिला होता. पण तुम्ही हे पत्र असं समोर ठेवलंत, आता काय लपवू? तुमचे यजमान आले होते माझ्याकडे. वीसेक दिवस झाले. याच पत्राची झेरॉक्स घेऊन. तेव्हाच बँकेत चौकशी केली मी.

नम्रता : योगेश?

रंगनाथराव : मी विचारलं, हा शहाणपणा कोणी केला? म्हणाले, मीच. मग मी बरंच बोललो त्यांना. इंजिनिअर झालात आणि मंडईत उभं राहिल्यासारखी घासाघीस करता, असं काहीतरी. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. जाताना म्हणाले, माझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नका. मला वाटलं, स्वतःचं लपवतायत.

नम्रता : दुसरी बँक?

रंगनाथराव : सगळे हीच ओळ वाचतात. खाजगी कंपन्या देतील थोडेफार, चौदा-पंधरा टक्क्यांनी. तो हप्ता तुम्हाला झेपणार नाही. तुमचा स्वतःचा पगार?

नम्रता : शाळेच्या ऑफिसात आहे मी. अकरा हजार.

रंगनाथराव : मग त्यावर तीन-साडेतीन लाख. धायरीत त्यात पार्किंग येईल.

नम्रता : म्हणजे काहीच नाही.

रंगनाथराव : अर्ज लिहून देतो बँकेला. पाठवत राहा. सात वर्षांनी ती ओळ आपोआप जाते म्हणतात. तीन गेली, चार राहिली. हे तुमचं पत्र घ्या.

नम्रता : ठेवा तुम्ही.

रंगनाथराव : मी काय करू त्याचं? घ्या. पुढे अर्जाला जोडायला लागेल.

(त्याच दिवशी संध्याकाळी, बी विंगमध्ये, योगेश आणि नम्रताच्या भाड्याच्या घरात.)

योगेश : मेथी कितीला आणली ही?

नम्रता : पंचवीसला जुडी.

योगेश : पंचवीस? आणि तू दिले?

नम्रता : त्याने पंचवीस सांगितले. दिले.

योगेश : तब्येत बरी आहे ना? हेल्मेट इथंच ठेवू का?

नम्रता : बँकेचं काय झालं?

योगेश : सांगितलं ना तुला. कंपनी लिस्टमध्ये नाही. दुसरीकडे अप्लाय करून राहिलो. प्रोसेसमध्ये आहे.

नम्रता : आज चार तारीख आहे.

योगेश : माहीत आहे. होते काहीतरी. तू टेन्शन नको घेऊ.

नम्रता : मी खाली जाऊन आले. रंगनाथरावांकडे.

योगेश : काहून?

नम्रता : बँकांची यादी विचारायला. आणि पत्र घेऊन गेले होते सोबत. मिरवायला.

योगेश : त्यांनी मला प्रॉमिस केलं होतं.

नम्रता : त्यांना बोलू नकोस. ती सगळी गोष्ट मीच रंगवून सांगितली त्यांना. चहा पाजला, साठवर आला, उद्या पुन्हा चहाला या म्हटलं. सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला तरी माझं तोंड थांबेना.

योगेश : नम्रता, बस इथं.

नम्रता : मी उभीच बरी आहे. वीस दिवस, योगेश. वीस दिवस तू मला यादीत बसत नाही म्हणून सांगत होतास आणि मी तुझ्या कंपनीला शिव्या घालत होते.

योगेश : सांगून काय झालं असतं?

नम्रता : मला कळलं असतं.

योगेश : तेच नको होतं मले. कार्ड माझं होतं. खर्च माझा. माणसं दारात यायची तवा मी आत पंखा लावून बसायचो, त्याच्या आवाजात बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. तू त्यांच्यासमोर उभी राहिली. आता त्याच गोष्टीसाठी तुले कसा म्हणू की तुझ्यामुळे झालं?

नम्रता : पण झालं ना माझ्यामुळेच.

योगेश : चाळीस हजारही नव्हते तेव्हा आपल्याकडे. तुझी चेन मोडली होती, आठवते? ब्याण्णव कुठून भरले असते आपण? तू नसतं मिटवलं तर आजही ते दारात असते.

नम्रता : हप्ते बांधून मागता आले असते. तेव्हा सुचलंच नाही मला. मला वाटलं, जितकं कमी तितकी मी हुशार. मला फार आनंद झाला होता रे त्या दिवशी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं होतं, मी या घराच्या उपयोगाला आले.

योगेश : मीही तर खूश होतो. रबडी आणली होती.

नम्रता : तुझ्या त्या बॅगेत काय आहे? आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, तू ती खांद्यावरून काढत नाहीस.

योगेश : बावन्न हजार. ऑफिसातून अॅडव्हान्स घेतला. कापतील आता दर महिन्याला पगारातून.

नम्रता : भरायला?

योगेश : भरायला. घेतच नाही कोणी. बँकेत फोन केला तर ती मुलगी म्हणते, सर, हा अकाउंट नंबर आमच्या सिस्टिममध्ये नाही. म्हटलं, मॅडम, रिपोर्टमध्ये तर तुमचंच नाव आहे. म्हणते, त्यासाठी डिपार्टमेंट वेगळं आहे. त्या डिपार्टमेंटचा फोन लागतच नाही. मग त्या वसुली कंपनीचा पत्ता शोधत गेलो, हडपसरलाच होता, गाडीतळाच्या मागं. तिथं केकचं दुकान आहे आता.

नम्रता : मग?

योगेश : आत गेलो, विचारलं. त्याला काहीच माहीत नाही. रिकाम्या हातानं बाहेर यायची लाज वाटली म्हणून एक पेस्ट्री खाल्ली.

नम्रता : पैसे खिशात घेऊन फिरतोस आणि देणं फिटत नाही. असं कुणाचं ऐकलं नव्हतं मी.

योगेश : रावसाहेबांकडंही गेलो होतो शनिवारी. तुला मित्राकडं जातो म्हटलं ते. म्हटलं, महिना द्या, नाहीतर विसारातले निम्मे तरी परत करा. त्यांनी चांगलं बसवलं, ताक दिलं. म्हणे, "साहेब, इसार हा इसार असतोय. आमच्या आज्यानं बी कधी माघारी दिला न्हाई. तुमची बँक न्हाई म्हनली, त्यात माजी काय चूक हाय?"

नम्रता : बरोबर आहे त्यांचं.

योगेश : मी रागावूही नाही शकलो. ते म्हणे, अकरा तारखेला एक पार्टी येऊन राहिली, पुऱ्या रोखीची.

नम्रता : आपल्याच फ्लॅटला?

योगेश : हो. तोच, पूर्वेच्या बाल्कनीचा.

नम्रता : आणि विसार म्हणजे आईंच्या मोडलेल्या पाटल्या.

योगेश : ते नको आता.

नम्रता : नको कसं? पाटल्या देताना काय म्हणाल्या होत्या त्या, माहीत आहे ना तुला? ज्या पोरीनं माझ्या लेकाचे बावन्न हजार वाचवले, तिच्या हाती देते, त्याच्या नाही. असं म्हणून माझ्या ओंजळीत ठेवल्या होत्या. आणि त्यांना कधी सांगणार आहेस? दिवाळीला आपल्याकडे राहायला येणार, घर सोडते म्हणून त्यांनी तिथल्या मालकाला सांगून ठेवलंय. भांडी पोत्यात भरून झालीत त्यांची.

योगेश : मी सांगीन. माझ्या नोकरीचं काहीतरी सांगीन. पगार कमी पडला म्हणीन. तिले ते चालते. माझं काहीतरी बिघडणार हे तिले लहानपणापासून माहीत आहे.

नम्रता : आणि ती गोष्ट? ती पुढेही सांगत राहायची पंगतीत?

योगेश : सांगू दे की. तिच्याकडं तेवढीच एक आहे.

नम्रता : मला नाही ऐकवणार आता ती.

योगेश : तुझा फोन वाजून राहिला.

नम्रता : आईच आहेत.

योगेश : नको उचलू. मी करतो मागून.

नम्रता : हॅलो. हो आई, नम्रताच. आला, आत्ताच आला तो. टेंपो? कितीला म्हणतो? बारा हजार. नाही आई, पुलगावहून पुण्याचं अंतर आहे, तेवढे होतातच. नाही, मी नाही बोलत त्याच्याशी. बरोबर मागतोय तो. आई, ऐका ना. टेंपो सांगू नका. अहो, दिवाळीला नाही, आणि पुढेही नाही. घर नाही झालं आपलं.

योगेश : नम्रता, फोन दे इकडं.

नम्रता : हो, धायरीचंच. कर्ज नाही मिळालं. नाही नाही, योगेशची नोकरी ठीक आहे. पगारही ठीक आहे. त्याने काही केलं नाही आई. ते जुनं कार्ड, मी चाळीस हजारांत मिटवलं होतं ना, ते तसं मिटवायचं नव्हतं. पूर्ण भरायचं होतं. त्यामुळे आता कुठलीच बँक उभं करत नाही. हो, मीच. माझ्यामुळे. आणि तुमच्या पाटल्या गेल्या आई, विसार परत मिळत नाही. रडू नका. आई. आधी त्या मालकांना सांगून या, की घर सोडत नाही म्हणून, दुसऱ्या कुणाला बोलायच्या आत. आजच जा. हो. हो, जेवते मी. ठेवते.

योगेश : काय म्हणाली?

नम्रता : आधी रडल्या. मग म्हणाल्या, पाटल्यांचं मनाला लावून घेऊ नको.

योगेश : आणि ते दुसरं? तुझं?

नम्रता : ते त्यांना खरंच वाटलं नाही.

योगेश : म्हणजे?

नम्रता : म्हणाल्या, कार्ड त्याचं, उधळलं त्यानं, अन् नाव तू सोतावर घेऊन राहिली. किती दिवस पाठीशी घालशील माय त्याले.